फायरफॉक्स आणि बांधावरचा दुसरा व्यापारी

(यावल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर संगणकातील एका साधनाचे नाव पाहून काही कार्यकर्त्यांना आश्चर्य वाटले असेल, आणि ते स्वाभाविक आहे. केळीचा भाव, वनहक्काचे दावे, शिष्यवृत्तीचे हप्ते असे प्रश्न समोर असताना फायरफॉक्स नावाचा एक जुना ब्राउझर टिकतो की बुडतो याची चिंता यावल तालुक्यातील कार्यकर्त्याने का वाहावी? ज्याचे वापरकर्ते जगात शंभरात दोन-तीनच उरले आहेत, त्याची काळजी शहरातील अभियंत्यांनी करावी. चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर ही वस्तू कोठे आणि कोणाच्या वाट्याला येते, हे आधी पाहिले पाहिजे.

तालुक्याच्या गावातील कोणत्याही सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात सकाळी अकराच्या सुमारास जी रांग लागते, ती या प्रश्नाची खरी जागा होय. भालोदचा शेतकरी केळीच्या पीकविम्यासाठी आलेला असतो, किनगावची विधवा एखाद्या योजनेच्या अर्जासाठी आलेली असते, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरील तडवी किंवा पावरा मुलगा वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास आलेला असतो. यावलला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पण आज त्या कार्यालयाच्या दारापर्यंत पोचण्याआधी मुलाला एका दुसऱ्या दारातून जावे लागते. ते दार संगणकाच्या पडद्यावर उघडते. सातबारा, जातीचा दाखला, विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरील नोंदणी या सर्वांना त्याच दारातून प्रवेश. त्या दाराचे नाव ब्राउझर. मराठीत त्याला न्याहाळक असा शब्द सुचविण्यात आला आहे. पण रांगेतील माणसाला दोन्ही शब्द ठाऊक नसतात. त्याला एवढेच कळते, की 'साइट चालत नाही, उद्या या' असे सांगितले गेले आणि दिवसाची मजुरी बुडाली. साइट न चालण्याची कारणे अनेक असतात. परंतु दार कोणी बनवावे, कोणत्या मापाचे बनवावे आणि कोणाला आत घ्यावे हे एकाच मालकाच्या हाती गेले, तर त्या अनेक कारणांत एकाची कायमची भर पडते.

वास्तविक इंटरनेटवरील पानांची ही सारी व्यवस्था कोणा एकाच्या मालकीची नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी ती युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेत काम करीत असताना उभी केली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्व जगाला विनामोबदला खुली केली. कोणीही पान लिहावे, कोणीही ते वाचण्याचे साधन बनवावे, कोणालाही स्वामित्वधन देऊ नये, असा तो निर्णय होता. पान कसे लिहावे याचे नियम ठरविण्यासाठी १९९४ मध्ये एक सामाईक मंडळ स्थापन झाले. नियम कागदावर आला म्हणजे झाले असे तेथे मानीत नाहीत. दोन वेगवेगळ्या गटांनी तो स्वतंत्रपणे राबवून दाखवावा, म्हणजे तो स्पष्ट आणि सर्वांना पाळता येण्याजोगा आहे हे सिद्ध होते, अशी तेथील प्रथा आहे. गावठाणाची मोजणी करताना दोन्ही बाजूंचे पंच उभे करावेत, तसाच हा विचार.

पान वाचून पडद्यावर मांडण्याचे काम ब्राउझरच्या पोटातील यंत्रणा करते. तिला इंजिन म्हणतात. बाजारात ब्राउझरांची नावे पुष्कळ दिसतात, परंतु मोठी इंजिने आज तीनच उरली आहेत. गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ऑपेराने स्वतःचे इंजिन २०१३ मध्ये सोडून गूगलचे घेतले. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही २०२० च्या जानेवारीत आपला एज हा ब्राउझर त्याच पायावर उभा केला. ॲपलचे इंजिन ॲपलच्या महागड्या यंत्रांपुरते राहिले. म्हणजे विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड यांवर, ज्या यंत्रांवर खानदेशातील बहुसंख्य माणसे काम करतात त्यांवर, गूगलच्या इंजिनाला पर्याय म्हणून एकच इंजिन उरते. ते फायरफॉक्सचे.

येथे यावल-रावेरच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. घड कापणीला आला की थांबता येत नाही. माल चार दिवसांत हातचा जातो. अशा वेळी बांधावर एकच व्यापारी आला, तर तो सांगेल तो भाव. दुसरा व्यापारी आला, की पहिल्याची भाषा बदलते. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव येथील शेतकरी रोज विचारतो, तो काही रोज बऱ्हाणपूरला माल नेतो म्हणून नव्हे. तो भाव ठाऊक असला म्हणजे बांधावर बोलता येते म्हणून. दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल न विकणाऱ्या शेतकऱ्यालाही त्या गिऱ्हाइकाच्या असण्याचा लाभ होतो. फायरफॉक्सचे महत्त्व नेमके येथे आहे. तो किती जण वापरतात हा गौण प्रश्न आहे. त्याच्या असण्याने न वापरणाऱ्यांच्या वाट्याला काय येते, हा खरा प्रश्न होय.

हे केवळ उपमेवर भागविण्याचे कारण नाही. इतिहासाचा दाखला स्पष्ट आहे. १९९४ च्या अखेरीस आलेला नेटस्केप हा त्या काळचा प्रमुख ब्राउझर होता. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर काढला, तो फुकट दिला आणि विंडोजला जोडून दिला. नेटस्केप मोडकळीला आले. १९९८ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. तो चालला, निकाल लागला, २००१ मध्ये तडजोड झाली. तोवर बाजार हातातून गेला होता आणि एक्स्प्लोररचा वाटा पुढे नव्वद टक्क्यांच्या वर पोचला. मग मालकाने काय केले? २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी आली ती २००६ च्या ऑक्टोबरात. पाच वर्षे जगातील बहुसंख्य माणसे त्याच सदोष, असुरक्षित खिडकीतून पाहत राहिली. जिंकावयाचे ते जिंकून झाले होते. सुधारणेवर खर्च कशासाठी करावयाचा?

ही कोंडी फोडली ती नेटस्केपच्या राखेतून निघालेल्या एका प्रकल्पाने. मार्च १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांना खुली केली. तिच्यावर मोझिलाचे काम उभे राहिले, २००३ मध्ये मोझिला प्रतिष्ठान स्थापन झाले आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती बाहेर पडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानांची जाहिरात झळकली. तिचा खर्च सुमारे दहा हजार माणसांनी वर्गणीतून उचलला होता. चळवळीतील माणसाला वर्गणीची किंमत कळते. पुढील पाच-सहा वर्षांत जवळजवळ तीस टक्के वापरकर्ते या ब्राउझरकडे आले आणि मायक्रोसॉफ्टला सातवी आवृत्ती काढणे भाग पडले. ज्यांनी फायरफॉक्सला हातही लावला नाही, त्यांच्या संगणकावरील एक्स्प्लोरर त्याच्यामुळे सुधारला.

एकाच दाराची सवय लागली की पुढे काय होते, याचा अनुभव मराठी वाचकानेही घेतला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळांवर येऊ लागली तेव्हा युनिकोड रुळले नव्हते. प्रत्येकाचा फाँट निराळा, आणि अनेक ठिकाणी तो मायक्रोसॉफ्टच्या अशा तंत्राने पानाबरोबर पाठविला जाई, की एक्स्प्लोररखेरीज दुसऱ्या कोणास तो वाचता येऊ नये. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच मराठी पान रोमन अक्षरांच्या खिचडीसारखे दिसे. मराठी अक्षर वाचण्याचा हक्क एका परदेशी कंपनीच्या साधनाला असा बांधला गेला होता, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही, कारण सर्वांकडे तेच साधन होते. तेव्हा फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचे एक जोडसाधन निघाले. भारतीय लिप्यांतील असा कोंडलेला मजकूर ते युनिकोडमध्ये उलगडून दाखवीत असे. ते जोडता आले, कारण ज्या ब्राउझरला ते जोडावयाचे होते त्याची दारे बाहेरच्यांसाठी उघडी होती. पुढे युनिकोड सार्वत्रिक झाले आणि हा प्रश्न मिटला; परंतु त्या काळातील पुष्कळसा मराठी मजकूर आजही जुन्या फाँटांच्या कुलपात पडून आहे.

शासनाची कथा याहून निराळी नाही. अनेक कार्यालयांच्या आणि बँकांच्या संकेतस्थळांवर 'इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही ओळ वर्षानुवर्षे झळकत होती. या बाबतीत टोकाचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तेथे विसाव्या शतकाच्या शेवटी बँक आणि शासन यांच्या व्यवहारांसाठी जी सुरक्षाव्यवस्था स्वीकारली गेली, ती एक्स्प्लोररच्या एका जोडयंत्रणेवर उभी होती. परिणामी प्रगत म्हणविणारा तो देश एका कंपनीच्या एका ब्राउझरला बांधला गेला. त्या प्रमाणपत्र-पद्धतीचे जोखड कायद्याने निघावयास २०२० चा डिसेंबर उजाडला. आणि ज्या एक्स्प्लोररसाठी हे सारे झाले, त्याला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. मालकाने आपली सोय पाहिली. त्याच्या भरवशावर बांधलेल्या सरकारी पानांची जबाबदारी त्याने घेतली नाही, आणि ती त्याने घ्यावी असा कोणताही करार नव्हता.

एक्स्प्लोरर गेला म्हणजे मक्तेदारी गेली असे मात्र झाले नाही. तिची गादी दुसऱ्याने घेतली. गूगलने क्रोम २००८ च्या सप्टेंबरात आणला. तो चपळ होता, चांगला होता आणि फुकट होता, हे मान्य केले पाहिजे. आज जगातील सुमारे दोन-तृतीयांश वापर त्याचा आहे. पण हे सर्व गुणांच्या बळावर घडले असे म्हणता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइड फोनांच्या ॲप-बाजारातील आपल्या प्रभुत्वाचा वापर कंपनीने क्रोमच्या द्वारे ब्राउझरच्या बाजारात शिरण्यासाठी आणि तेथील स्थान राखण्यासाठी केला, हा त्या आदेशातील एक निष्कर्ष होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला. अमेरिकेतील न्यायालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये गूगल शोधसेवेत मक्तेदार असल्याचे म्हटले. तथापि २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात क्रोम विकावयास लावण्याची सरकारची मागणी मान्य झाली नाही. न्यायालये मक्तेदारीला नाव देतात. तिचा पाया उखडण्याचे काम बहुधा त्यांच्या हातून होत नाही.

गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची आहे. जाहिरातदाराच्या हाती वाचकाची खिडकी असणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०२४-२५ मध्ये क्रोमने जोडसाधनांचे जुने नियम बंद केले आणि जाहिराती अडविणारे एक लोकप्रिय साधन त्यात निकामी झाले. फायरफॉक्समध्ये ते चालू राहिले. मोजून डेटा विकत घेणाऱ्या माणसाला जाहिरात ही केवळ कटकट नसते. तिचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २०२३ च्या जुलैत गूगलच्या अभियंत्यांकडून असा एक प्रस्ताव पुढे आला, की समोरच्याचे यंत्र आणि ब्राउझर 'विश्वासार्ह' आहे काय याची ग्वाही संकेतस्थळाला मागता यावी. विश्वासार्हतेचा शिक्का कोण देणार, हे उघड होते. जुने यंत्र, फेरफार केलेले यंत्र, अप्रसिद्ध ब्राउझर यांना दारातूनच परतविण्याची सोय त्यात होती. मोझिलाने त्याला जाहीर विरोध केला, इतरांनीही आवाज उठविला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रस्ताव मागे घेण्यात आला. स्वतःचे इंजिन असलेला विरोधक त्या मंडळींत होता म्हणून 'नाही' या शब्दाला वजन आले. सर्वांच्या पोटात एकच इंजिन असते, तर विरोध हे केवळ निवेदन ठरले असते.

जुन्या यंत्रांचा प्रश्न तालुक्याच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा आहे. खेड्यातील शाळेत, वाचनालयात, लहान दुकानात संगणक येतो तो बहुधा शहरात वापरून झालेला. विंडोज एक्सपीवर क्रोमने २०१६ मध्ये पाठ फिरविली. फायरफॉक्स २०१८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहिला. विंडोज ७ च्या बाबतीत हेच पुन्हा घडले. क्रोमने ते २०२३ च्या फेब्रुवारीत सोडले. फायरफॉक्सने त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ एका जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरविल्या आणि तिची मुदत पुनःपुन्हा वाढविली. हा काही परोपकार नव्हे. त्याचे अनेक वापरकर्ते अशा यंत्रांवर होते म्हणून ते घडले. पण नेमके हेच लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याची गिऱ्हाइके गरीब असतात, त्याला गरिबाच्या यंत्राकडे पाहावे लागते. नवा संगणक घेणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी ही दोन वर्षे म्हणजे बँकेच्या खात्याची सुरक्षितता होय.

याहूनही थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. मोझिलाने एकेकाळी फोनसाठी फायरफॉक्स ओएस नावाची प्रणाली काढली होती. २०१४ मध्ये भारतात त्या प्रणालीचा इंटेक्सचा फोन १,९९९ रुपयांना विकावयास आला. प्रयोग फसला, मोझिलाने तो गुंडाळला. पण संहिता खुली होती. तिच्यावरून कायओएस ही प्रणाली तयार झाली आणि २०१७ मध्ये तीच जिओफोनवर आली. बटणांच्या त्या स्वस्त फोनवर पहिल्यांदा इंटरनेट पाहिलेला शेतमजूर, नकळत, मोझिलाच्याच इंजिनाच्या जुन्या आवृत्तीतून जग पाहत होता. त्या फोनाचा नफा ज्याच्या तिजोरीत गेला, त्याने मोझिलाच्या स्वयंसेवकांचे नावही घेतले नसेल. तरीही सामाईक मालमत्ता म्हणजे काय, याचा हा धडा आहे. एका ठिकाणी फसलेले काम दुसऱ्या ठिकाणी लाखोंच्या उपयोगी पडते, कारण ते कुलपात ठेवलेले नसते.

आता भाषेविषयी. क्रोमही मराठीत आहे आणि फायरफॉक्सही. फरक काम कसे झाले यात आहे. फायरफॉक्सचे मराठीकरण प्रामुख्याने स्वयंसेवकांनी केले. उद्या लेवा गणबोलीच्या किंवा अहिराणीच्या भाषकांनी हे काम अंगावर घेतले, तर त्यांना तत्त्वतः दार उघडे आहे. त्या बोलीची बाजारपेठ किती मोठी, हा प्रश्न तेथे पहिला विचारला जात नाही. बहिणाबाईंच्या मुलखात या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

इतके सांगून झाल्यावर फायरफॉक्सचे दोष झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला दोष मुळावरचा आहे. मोझिलाचे पोट गूगलच्या पैशावर चालते. फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आधीपासून बसविलेला असावा, यासाठी गूगल मोबदला देते. मोझिलाच्या अर्थप्रमुखांनी २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयात सांगितले, की संस्थेचे सुमारे नव्वद टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येते आणि त्यातील सुमारे पंचाऐंशी टक्के गूगलकडून. म्हणजे बांधावरच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला भांडवल पुरविणारा पहिलाच व्यापारी! 'आम्ही मक्तेदार नाही, हा पाहा प्रतिस्पर्धी' असे म्हणण्याची सोय गूगलला त्यातून मिळते. दुसरा दोष संस्थेच्या आतला. वापरकर्ते घटत असताना प्रमुखांचे वेतन वाढत गेले; २०२२ मध्ये ते ६९ लाख डॉलरच्या आसपास होते. आणि २०२० च्या ऑगस्टात सुमारे अडीचशे कामगार-कर्मचारी कमी करण्यात आले. २०२५ च्या फेब्रुवारीत वापराच्या अटी बदलताना 'तुमची माहिती कधीही विकणार नाही' हे जुने वचन संस्थेने आपल्या मजकुरातून काढून टाकले, तेव्हा तिच्या निष्ठावंत पाठीराख्यांतही अविश्वास पसरला. सहकारी कारखान्यांचे खानदेशातील अनुभव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. सभासदांनी उभारलेली संस्था सभासदांपासून दूर जाते, तेव्हा तिचे नाव राहते आणि प्राण जातो.

पण यावरून निघणारा निष्कर्ष काळजीपूर्वक काढला पाहिजे. सहकारात भ्रष्टाचार शिरला म्हणून सावकारी चांगली ठरत नाही. मोझिला दुबळी आहे, परावलंबी आहे, म्हणून एकाच इंजिनाचे जग हितावह ठरत नाही. कोणी म्हणेल, क्रोमची मूळ संहिताही क्रोमियम या नावाने खुलीच आहे. मग भीती कसली? संहिता खुली आहे हे खरे. परंतु त्या प्रकल्पात पुढे काय होईल आणि काय होणार नाही, हे मुख्यत्वे गूगल ठरविते. विहीर सर्वांना दिसते म्हणून तिच्यावरील मोटर सर्वांची होत नाही.

'स्वदेशी' या शब्दानेही फसू नये. केंद्र सरकारने २०२३ च्या ऑगस्टात भारतीय ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली, ३ कोटी ४१ लाख रुपयांची बक्षिसे ठेवली आणि २०२५ च्या मार्चमध्ये झोहो कंपनीला पहिली ठरविली. देशातील अभियंत्यांना उत्तेजन मिळाले याचे स्वागतच आहे. मात्र झोहोचा उला हा ब्राउझर क्रोमियमच्याच पायावर उभा आहे. घराला रंग देशी दिला तरी पाया ज्याचा, त्याच्या मर्जीवर भिंती अवलंबून राहतात. सार्वजनिक पैसा खर्च करावयाचाच असेल, तर स्वतंत्र इंजिनाच्या सामाईक कामात तो का जाऊ नये, हा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे. रस्ते, कालवे, वीज यांत सार्वजनिक गुंतवणूक लागते हे या देशाने मान्य केले. नागरिकाला शासनाशी जोडणारे दार जाहिरातीच्या उत्पन्नातून बांधले जावे, हे मात्र त्याने न बोलता स्वीकारले आहे.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? प्रत्येकाने क्रोम काढून टाकावा, असा फतवा निरर्थक आहे. ज्या साधनाने काम होते ते लोक वापरणारच. काम निराळे आहे, आणि ते हाती घेण्यासारखे आहे.

पहिले, शासनाला त्याच्याच शब्दांची आठवण द्यावी. खुल्या मानकांविषयीचे केंद्राचे धोरण २०१० चे आहे, खुल्या संहितेच्या प्रणाली वापरण्याचे धोरण २०१५ चे. शासकीय संकेतस्थळे यंत्र, तंत्र वा शारीरिक क्षमता यांचा भेद न करता सर्वांना वापरता यावीत, हे २००९ पासूनच्या मार्गदर्शक सूत्रांचे उद्दिष्ट आहे. तेव्हा विम्याचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा अर्ज दुसऱ्या इंजिनावर भरून पाहावा. अडला तर कोणत्या पानावर, कोणत्या पायरीला अडला ते तारखेसह लिहून ठेवावे आणि लेखी तक्रार करावी. 'क्रोममध्ये उघडा' हे उत्तर आले, तर ते लेखी मागावे. अशा पंचवीस नोंदी एका तालुक्यातून गेल्या, तर त्यांचे वजन एखाद्या ठरावाहून अधिक असेल.

दुसरे, वाचनालये, शाळा आणि कार्यालये यांतील जुन्या यंत्रांची पाहणी करावी. जेथे जुने विंडोज निराधार झाले आहे, तेथे लिनक्स आणि त्यासोबत फायरफॉक्स बसविणे हा फुकटचा आणि सुरक्षित मार्ग आहे. तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन दिवसांत शिकविता येईल असे हे काम आहे. सेतू केंद्राच्या चालकालाही शत्रू समजू नये. दुपारी रांग ओसरल्यावर त्याच्या संगणकावर दुसरा ब्राउझर बसवून दिला, तर साइट अडते तेव्हा त्याला दुसरा मार्ग राहतो आणि रांगेतील माणसाचा फेरा वाचतो.

तिसरे, नव्या सरकारी सेवांची कंत्राटे निघतात तेव्हा त्यांत 'एकाहून अधिक इंजिनांवर चालली पाहिजे' ही अट असावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींमार्फत लावून धरावी. तिचा खर्च नगण्य आहे. ती नसल्याचा खर्च दक्षिण कोरियाने वीस वर्षे मोजला.

याच तालुक्यात, फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. राष्ट्राचे प्रश्न शहरातील सभागृहातच सुटतात, ही समजूत त्या अधिवेशनाने मोडली. आजही एक समजूत मोडणे बाकी आहे. संगणकाचे प्रश्न तज्ज्ञांचे, आणि रांगेत उभे राहणे तेवढे लोकांचे, ही ती समजूत. ज्याला रांगेत उभे राहावे लागते, त्याला दाराविषयी बोलण्याचा पहिला हक्क आहे.

फायरफॉक्स म्हातारा झाला आहे, त्याची प्रकृती बरी नाही आणि त्याचा खर्च प्रतिस्पर्धी चालवितो. तरीही तो आहे तोवर पहिल्याला दुसऱ्याची दखल घ्यावी लागते. उद्या तो नसला, तर त्याच्या जागी दुसरे कोणते स्वतंत्र इंजिन उभे राहील, याची तजवीज आजच सुरू झाली पाहिजे. बांध रिकामा झाल्यावर, कापलेला घड समोर ठेवून, व्यापारी शोधावयास निघणाऱ्याला काय भाव मिळतो, हे या तालुक्याला कोणी शिकवावयास नको.